तंटामुक्त गावातला खून

थोर कलाकृती उत्तरं देत नाही, ती प्रश्न विचारते. हे वाक्य मी नगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवताना कितीतरी वर्षं वर्गात उच्चारलं. ते कुणी खोडून काढलं नाही. कुणी वहीत उतरवून घेतल्याचंही आठवत नाही, पण खोडून काढलं नाही हे खरं. माझ्या निरोपसमारंभात एका सहकाऱ्यानं ते माझं म्हणून सांगितलं, तेव्हा मी नम्रपणे मान खाली घातली. ते माझं नव्हतं. ते कुणाचं, हे कुणालाच ठाऊक नसतं. अशी वाक्यं खुर्च्या आणि माइकबरोबर मंडपवाल्याकडूनच येतात.

त्या वाक्याची किंमत काय पडते, ते मला अक्काच्या गोठ्यासमोर समजलं. एका थोर ठरलेल्या कलाकृतीनं उत्तर द्यायचं नाकारलं आणि माझ्या बहिणीच्या घरात दुसरी चूल मांडायची वेळ आली.

अक्काचं गाव राहुरीच्या अलीकडे, कालव्याच्या पाण्यावरचं. ऊस, चाऱ्याचा घास आणि गाई. गाई जास्त. घरात अक्का, तिचे दोन मुलगे आणि दोन सुना. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात चूल एकच. चूल म्हणजे आता गॅसची शेगडीच, पण भांडणात कुणी ‘गॅस वेगळा करू’ म्हणत नाही, चूलच वेगळी करतात. अक्कानं आयुष्यात फारशा इच्छा धरल्या नाहीत. आपण आहोत तोवर या घरात दुसरी चूल पेटू नये, ही मात्र धरली. भाऊबंदांची घरं तिनं फुटताना पाहिली आहेत. तिच्या मते आधी चूल फुटते, मग गोठा, मग विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. जमिनीची मोजणी सगळ्यात शेवटी येते आणि तोवर मोजण्यासारखं फार काही उरलेलं नसतं.

मी दर उन्हाळ्यात तिच्याकडे थोडे दिवस राहायला जातो. बहिणीच्या गावात तुम्ही प्राध्यापक असा नाहीतर कलेक्टर, तुम्ही अख्ख्या गावाचे मामाच असता. माझ्याहून वयानं मोठी माणसंही मला मामा म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मी सोडून दिला आहे.

त्या उन्हाळ्यात गावाला एका मालिकेचं वेड लागलेलं होतं. मालिका गुन्ह्यांची. तिची रीत अशी, की दर पर्वाला गुन्हा नवा, गाव नवं, माणसं नवी. कायम फक्त एक आवाज. तो आवाज सुरुवातीला आणि शेवटी येऊन न्याय, नियती, अंधार यांच्याबद्दल घोगरेपणानं काहीतरी सांगायचा. आवाज इतका भारदस्त होता की त्यानं बाजारभाव सांगितले असते तरी ते गंभीर वाटले असते. हे मालिकेचं शेवटचं पर्व होतं, यानंतर नवा गुन्हा होणार नव्हता. आणि या पर्वातला खून नेमका एका बागायतदाराच्या घरात झाला होता. घरात म्हातारा, त्याचे दोन मुलगे, दोन सुना. म्हातारा चहा पितो आणि मरतो. चहा थोरल्या सुनेनं ठेवला, धाकटीनं नेऊन दिला. इथून पुढं सगळे भाग त्या एका कपाभोवती फिरत होते.

शेवटचा भाग गावानं एकत्र पाहायचा ठरवला. ग्रामपंचायतीनं शेतीचे कार्यक्रम पाहायला म्हणून एक मोठा टीव्ही घेऊन मारुतीच्या सभामंडपात लावला होता. त्यावर आजवर जी काही शेती दिसली, ती या बागायतदाराचीच. वेळ ठरवली तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांनी. त्यांना रात्री एका हळदीला जायचं होतं, म्हणून त्यांनी संध्याकाळी पाचची वेळ दिली. पाच म्हणजे धारा काढायची वेळ. पण हे कुणी बोललं नाही, कारण सभामंडपात बसून वेळ ठरवणाऱ्यांपैकी कुणी धार काढत नव्हतं.

मंडप भरला. अध्यक्ष पुढच्या खुर्चीवर, खांद्यावर उपरणं. त्यांनी मालिका सुरू होण्याआधी दोन शब्द सांगितले. कशाबद्दल, ते आता आठवत नाही, पण टाळ्या झाल्या.

शेवट असा होता: पोलीस रिकाम्या हातानं परत जातात. दोन्ही जावा स्वयंपाकघरात उभ्या. एकीच्या हातात तो कप, दुसरीच्या हातात पाण्याचा तांब्या. एक पाणी ओतते, दुसरी कप विसळते. दोघी एकमेकींकडे बघतात. मग पडदा काळा होतो आणि तो आवाज म्हणतो, की काही सत्यं विसळून जातात. मग नावं वर सरकू लागली.

मंडपात कुणी हललं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, “पुढं लाव की.”

“पुढं काय न्हाई,” रिमोटवाला म्हणाला.

“आरं, नेट गेलं आसंल.”

“नेट हाय. संपलं.”

“संपलं म्हंजे? मारलं कुनी?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या मंडपात वाङ्‌मयाचा माणूस मी एकटाच. मी घसा साफ करून म्हणालो, की हा खुला शेवट आहे. लेखकानं निर्णय प्रेक्षकावर सोपवला आहे.

“म्हंजे लेखकाला म्हाईत न्हाई?” डेअरीच्या मापाड्यानं विचारलं.

“माहीत असेल. पण तो सांगत नाही.”

“मंग फितूर साक्षीदार म्हना की,” मापाडी म्हणाला. “आमच्या भाऊबंदकीच्या केसमदी दोन हुते असले.”

मंडपात हशा पिकला आणि त्या हशातच गावाच्या दोन पार्ट्या झाल्या. कप थोरलीच्या हातात होता, म्हणून थोरलीच, असं म्हणणारी एक. पाणी ओतून पुरावा घालवला तो धाकटीनं, म्हणून धाकटीच, असं म्हणणारी दुसरी. वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी कमान आहे. तिच्याखालून लोक तावातावानं भांडत घरी गेले.

माझे दोन भाचेही भांडतच अंगणात शिरले. गोठ्यात दोघी सुना होत्या. थोरला भाचा मोठ्यानं म्हणत होता, “आरं धाकटीच! गोड बोलनाऱ्या बायका आशाच आसत्यात.”

धाकटा म्हणाला, “आन घराच्या किल्ल्या कुनाच्या कमरंला? थोरलीच्या. सगळं आपल्या हातात पायजे तिला. तिनंच मारला.”

दोघंही मालिकेबद्दलच बोलत होते. शपथेवर सांगतो. पण गोठ्यात किटलीचा आवाज थांबला. धाकटी सून गोड बोलते, हे गावाला माहीत आहे. घराच्या किल्ल्या थोरलीच्या कमरेला असतात, हेही. त्या दोघी दुधाच्या किटल्या घेऊन एकामागून एक बाहेर आल्या, नेहमी जोडीनं यायच्या. त्या रात्री भाकऱ्या झाल्या, पण वाढताना दोघींत एक शब्द झाला नाही. मीठ हवं असलं तरी थोरली अक्काला सांगायची आणि अक्का धाकटीला.

मी खाटेवर पडून मोबाईल उघडला. राज्यभर हेच चाललं होतं. सुशिक्षित माणसं लांबलचक मजकूर लिहीत होती. एकानं कप धरायच्या पद्धतीवरून थोरली डावरी असल्याचं सिद्ध केलं होतं. दुसऱ्यानं म्हातारा मेलाच नाही असा सिद्धांत मांडला होता आणि त्याच्याखाली शेकडो लोकांनी हात जोडले होते. कुणी पैसे परत मागत होतं, कुणी शेवट पुन्हा चित्रित करा म्हणत होतं. एका बाईंनी लिहिलं होतं, की या शेवटानं माझ्या आत काहीतरी कायमचं बदललं. नगरच्या आमच्या वाचकमंडळातून फोन आला. ‘अनिश्चिततेचं सौंदर्य’ या विषयावर मी व्याख्यान द्यावं, असा सगळ्यांचा आग्रह होता. मी हो म्हणालो. मला तो शेवट खरोखर आवडला होता आणि आजही तो चांगलाच आहे असं माझं मत आहे.

पण घरात अनिश्चिततेचं सौंदर्य कुणाला दिसेना. थोरली टोमणे मारू लागली. चहा नेऊन देताना म्हणायची, “घ्या मामा, म्याच ठिवलाय, भ्या नका.” धाकटी तिकडून म्हणायची, “अन म्या कपाला हात लावला न्हाई, तरी इचारून घ्या.” मी आपला चहा पीत होतो. टोमण्यांना त्या घरात आजवर जागा नव्हती असं नाही, पण ते हसून संपायचे. हे संपत नव्हते. मग एका सकाळी धाकटीनं सांगून टाकलं, की असल्या घरात राहायचं तर तिची चूल वेगळी. धाकटा भाचा मान खाली घालून राहुरीला गेला आणि दुसऱ्या सिलिंडरची तजवीज करून आला. शेगडीही सांगून आला.

अक्का माझ्याशेजारी खाटेवर येऊन बसली. ती रडत नव्हती. ती सहसा रडत नाही.

“आरं, तू शिकलेला हायेस,” ती म्हणाली. “त्या शिनिमावाल्याला फोन करून इचार ना, मारलं कुनी. येक नाव सांग म्हनावं. घर मोडाया लागलंय माजं.”

“अक्का, ते सांगत नसतात.”

“का न्हाईत सांगत?”

मी तिला सांगू शकलो असतो. माझ्याकडे त्या विषयावरच्या टिपणाची पानं तयार होती. पण समोर गोठ्याच्या भिंतीलगत, जिथं नवी शेगडी ठेवायची ती जागा धाकटीनं सारवून घेतली होती, आणि त्या जागेकडे बघत टिपण वाचता येईना.

अशी दुसरीही दोन-चार घरं गावात धुमसत होती. शेवटी अध्यक्षांनी दखल घेतली. तंटामुक्ती समितीची बैठक सभामंडपात बोलावली, आमच्या घराचा तंटा पहिला. या वेळी बायकांनाही निरोप होता. त्या येऊ शकाव्यात म्हणून वेळ सकाळी दहाची ठेवली, यावरून अध्यक्षांना धारांची वेळ माहीत होती हे सिद्ध होतं.

अध्यक्षांनी सुरुवातीला गावाच्या परंपरेबद्दल सांगितलं. या गावात कुठलाही तंटा निर्णयाविना उठत नाही, बांधाचा असो की बैलाचा, ही परंपरा. मग ते माझ्याकडे वळले.

“मामा, तुमी मराठीचे प्राध्यापक. समितीला खरं खरं सांगा. मारलं कुनी?”

“अध्यक्षसाहेब, ते कुणालाच सांगता येणार नाही. तसंच ते रचलेलं आहे.”

“म्हंजे निकालच न्हाई?”

“नाही.”

“हे आपल्या गावात चालनार न्हाई,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी समितीच्या सदस्यांना जवळ घेतलं. कुजबुज झाली. मापाडी उठून उभा राहिला आणि त्यानं ठराव मांडला: बागायतदार वयोवृद्ध होता, त्याला बीपीचा त्रास होता, हे तिसऱ्या भागात दाखवलेलं आहे, सबब तो आपल्या मरणानं मेला, कुणावर दोष नाही.

“हात वर करा,” अध्यक्ष म्हणाले.

हात वर झाले. एकमतानं ठराव मंजूर झाला. राज्यात इतक्या लोकांनी इतकं लिहिलं, पण खुनाचा निकाल लावणारं आमचंच गाव. मीही हात वर केला. समीक्षेत इतका नेमका निष्कर्ष मी फार कमी वेळा पाहिला आहे.

“झालं,” अध्यक्ष म्हणाले. “आता जावांनी येकमेकींना साखर द्या.”

साखर आणलेली होती. दोघी जावा हलल्या नाहीत. धाकटी म्हणाली, “ठराव करून काय हुतंय अध्यक्ष? म्हनायचं ते म्हनून झालंय.”

“कोन म्हनलं?” थोरली म्हणाली. “तुला म्या काय म्हनलं? तुज्याच नवऱ्यानं मला किल्लीवाली म्हनलं.”

“अन तुमच्या मालकांनी मला गोड बोलनारी!”

“आगं, त्ये टीव्हीतलीला म्हनलं!” दोघं भाचे एकदमच ओरडले.

तेव्हा बायकांच्या बाजूनं अक्का उठली. ती सभेत आजवर बोललेली नव्हती.

“मला येक इचारायचं हाय,” ती म्हणाली. “ह्या दोघींनी बघितलंय का त्ये? शेवटचं?”

ती सुनांकडे वळली.

“सांगा की गं.”

“म्या धार काढीत हुते,” धाकटी म्हणाली.

“म्या गाईंना कुट्टी टाकीत हुते,” थोरली म्हणाली. “पाचला कुटं सवड आसती आत्याबाई.”

अक्का मंडपभर बघत म्हणाली, “मंग बायामानसांत कुनी बघितलंय?”

हात वर करा, असं कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगितलं असतं तरी एकही वर झाला नसता. अध्यक्ष उपरणं सारखं करू लागले. मापाडी हळूच म्हणाला, “वेळ अध्यक्षांनी ठरीवली हुती.”

“मंग ज्यांच्यावरनं भांडान, त्यांनाच दाखवलं न्हाई व्हय?” अक्का म्हणाली. “ते काय न्हाई. आज दुपारी ह्या दोघी बघत्याल. घरी बसून. सगळं, पयल्यापासून. आन संध्याकाळच्या धारा ह्यी दोघं काढत्याल.” तिनं आपल्या दोन्ही मुलांकडे बोट केलं. “बघून झालं की ह्याच सांगत्याल कुनी मारलं त्ये. मंग काय चुली मांडायच्या त्या मांडा.”

बैठक संपली. साखर मापाड्यानं खाल्ली.

दुपारी अक्कानं माजघरात सतरंजी टाकली, दारं लोटली, पंखा लावला आणि भाच्याच्या टीव्हीवर शेवटचा भाग सुरू केला. दोघी सतरंजीवर बसल्या, मधे एका माणसाची जागा सोडून. मी दाराशी खुर्ची घेतली. भाचे ओसरीवर, जणू ऑपरेशन थिएटरबाहेर बसावं तसे. गल्लीतली दहा-बारा माणसंही काही ना काही निमित्तानं आली होती. मापाडी म्हणे, दुधाच्या फॅटचं मशीन तपासायला आला होता. आमच्या घरी फॅटचं मशीन नाही.

तो घोगरा आवाज बोलायला लागला. अंधार, नियती वगैरे. गाई गव्हाणीशी रवंथ करत होत्या. पंख्याचा वारा येत होता. या दोघी पहाटे अंधारात उठतात. रात्री भांडी आवरून पडतात. दुपारी टेकायची त्यांना सवय नाही, कारण टेकलं की काय होतं ते त्यांना ठाऊक आहे. पोलीस घरात शिरले तेव्हा थोरलीची मान खाली गेली. ती सावरली. पोलिसांनी किल्ल्या मागितल्या तेव्हा पुन्हा गेली. धाकटी भिंतीला टेकली होती, मग भिंतीवरून घसरत आडवी झाली. मधली जागा कधी संपली ते मला नीट सांगता येणार नाही. टीव्हीतल्या दोन जावा कप विसळत एकमेकींकडे बघत होत्या, आणि सतरंजीवरच्या दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून, तोंडं किंचित उघडी, गाढ झोपल्या होत्या. धाकटी घोरत होती. गोड बोलणारी माणसं घोरत नाहीत अशी माझी समजूत होती.

अक्कानं आवाज अगदी बारीक केला. बंद केला नाही. बंद केला तर जागतील, म्हणाली. भाग संपला, नावं सरकली, आणि त्यानंतर आपोआप मालिकेचा पहिला भाग सुरू झाला. तोही अर्धा होत आला. अक्का दोघींना वारा नीट लागेल अशी पंख्याची दिशा बदलून बाहेर येऊन बसली. “चाललंय अजून,” ती ओसरीवरच्या लोकांना म्हणाली. लई मोठा भाग दिसतोय, असं कुणीतरी म्हणालं.

पाच वाजता भाच्यांनी धारा काढायला घेतल्या. एका गाईनं बादली लाथाडली. दुसरी पान्हा चोरून बसली. थोरला भाचा तिची समजूत घालत होता, तेव्हा त्याचा आवाज गोडच होता. त्या गडबडीनं दोघी जाग्या झाल्या. उठून केस सारखे करताना त्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. तो क्षण मी पाहिला. त्यांना सगळं समजलं होतं, आणि दोघींनी पदर तोंडाला लावला.

बाहेर आल्यावर मापाड्यानं विचारलं, “बघितलं का वयनी?”

“बघितलं की,” थोरली म्हणाली.

“सगळं?”

“पयल्यापासून,” धाकटी म्हणाली.

“मंग मारलं कुनी?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“म्हातारा आपल्या मरनानं मेला,” थोरली म्हणाली. “समितीचा ठराव बरुबर हाय.”

“बीपी हुता त्याला,” धाकटी म्हणाली, आणि नवऱ्याच्या हातातली बादली काढून घेत गोठ्यात शिरली. थोरली मागोमाग गेली. आतून थोड्या वेळानं दोघींचं हसणं ऐकू आलं, बराच वेळ. भाचे बाहेर उभे राहून ते ऐकत होते आणि आत जायला धजत नव्हते.

अध्यक्षांनी पुढच्या सभेत या तंट्याच्या निवारणाबद्दल स्वतःचं अभिनंदन करून घेतलं. मी नगरला परतलो आणि ‘अनिश्चिततेचं सौंदर्य’ या विषयावर व्याख्यान दिलं. पत्रिका छापून झाल्या होत्या. प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यानं विचारलं, की सर, तुमचं स्वतःचं मत काय, मारलं कुणी? मी सांगितलं, आपल्या मरणानं मेला. सभागृहानं याचा बराच गहन अर्थ काढला.

अक्काच्या घरी पुढच्या आठवड्यात दुसरं सिलिंडर आलं. पहिलं संपलं की ते लावतात.